व्यापारी ईमेलचे दप्तर

सोलापूर शहरातील भवानी पेठेसारख्या जुन्या व्यापारी वस्त्यांतून पूर्वी मालाच्या भावाची पत्रे टपालाने परगावी जात. त्यांची कार्बन प्रत पेढीवर राही आणि जावक बारनिशीत नोंद होई. आता चादरी व टॉवेलांचे नमुने, भाव, सवलती ईमेलने कळविल्या जातात. प्रत मात्र पुष्कळदा एखाद्या कारकुनाच्या खात्यातच असते. कारकुनाने नोकरी सोडली की पेढीचे दप्तरही त्याच्यासोबत जाते!

ही हयगय महाग पडू शकते. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. चादर सोलापुरी आहे, शुद्ध सुती आहे, रंग पक्का आहे, असे ईमेलमध्ये लिहिणे ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेटवरील मजकुराबरोबर परिपत्रक, वेष्टन आणि बीजकसुद्धा येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर आपण नेमके काय लिहिले होते, हे दाखविता न आल्यास प्रामाणिक व्यापाऱ्याचीही बाजू लंगडी पडते.

जतन कसे करावे, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये सांगितले आहे. अभिलेख पुढे केव्हाही पाहता आला पाहिजे. तो मूळ स्वरूपात, किंवा मूळ मजकूर अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात असावा. आणि तो कोणाकडून, कोणास, कोणत्या दिवशी व वेळी गेला, हे त्यावरून कळावे. केवळ मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवल्यास यांतील बराच तपशील गळतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात असा पुरावा देताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्रही जोडावे लागते.

मुदतीविषयी एकच मोजमाप नाही. वस्तू व सेवा कर कायद्याखाली हिशेबाची पुस्तके व अभिलेख वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. अपील चालू असल्यास त्याहून अधिक काळ. मागणी, भाव व सवलत ठरविणारी ईमेल त्या बीजकांबरोबरच ठेवणे शहाणपणाचे. पेढीच्या नावाचे स्वतंत्र खाते, वर्षवार कप्पे आणि दुसऱ्या ठिकाणी एक प्रत, एवढ्यावर लहान यंत्रमागधारकाचे काम भागते. गावातील बचत गटांनाही हे जमण्याजोगे आहे.

ग्राहकांच्या पत्त्यांची गोष्ट वेगळी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात येत असून, संमती मागे घेणाऱ्याची माहिती त्यानुसार पुसावी लागेल. अन्य कायद्याने जपणे भाग असलेली तेवढी ठेवता येईल. म्हणून जाहिरातीची यादी आणि विक्रीचे अभिलेख आरंभापासूनच निरनिराळे ठेवावेत.