कामाचा दौरा आणि घरची मंडळी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री असलेले माझे एक जुने पेशंट एप्रिलच्या तोंडावर दवाखान्यात आले. "डॉक्टर, चीनला चाललोय. पाच दिवस प्रदर्शनाचं काम, मग चार दिवस फिरणं. आईला आणि घरच्यांनाही नेतोय. तापाच्या चार गोळ्या लिहून द्या."

चीनमधील ग्वांगझौ शहरात १९५७ पासून दरवर्षी वसंतात आणि शरदात मोठा व्यापारी मेळा भरतो. त्यालाच कँटन फेअर म्हणतात. आपल्याकडचे कारखानदारही तिथे जातात. खर्च होतोच आहे, तर घरच्यांनाही जग दाखवावे, हा विचार चांगलाच आहे. पण मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "तुम्ही दिवसभर प्रदर्शनात. हॉटेलवर आईंना चक्कर आली तर वहिनी काय करणार?" ते गप्प झाले.

वाचकहो, अशा प्रवासातला खरा धोका इथेच असतो. भाषेची थोडीफार जुळणी, ओळखीचा दुभाषा, फोन, पैसे हे सारे कामाला गेलेल्या माणसाजवळ. दुखणे मात्र बहुधा मागे राहिलेल्यांना गाठते. म्हणून मागे राहणाऱ्यांची तयारी वेगळी करावी लागते.

पहिली गोष्ट औषधांची. नेहमीची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नये. तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडच्या कंपनीचे नाव तिथला दुकानदार ओळखणार नाही. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. त्यामुळे गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वीच विचारावे.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. प्रत्येकाच्या खिशात चिनी लिपीतली एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे ते आणि हॉटेलचा पत्ता असावा. हॉटेलच्या काउंटरवर ती दाखवली की निम्मे काम होते. रुग्णवाहिकेसाठी तिथला क्रमांक १२० आहे. दवाखान्यात परदेशी माणसाला पासपोर्ट लागतो आणि बऱ्याच ठिकाणी पैसे आधी भरावे लागतात. म्हणून पत्नीच्या फोनवरही पैसे भरण्याची सोय हवी. विमा प्रत्येकाचा उतरवावा आणि जुना आजार त्यात धरला आहे का, ते वाचून पाहावे.

तिसरी गोष्ट पोटाची. नळाचे पाणी पिऊ नये. तिथले लोक स्वतःही उकळलेलेच पाणी पितात, आणि हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते. शाकाहारी माणसाने भाजीतही मांसाचा रस्सा किंवा चरबी असू शकते, हे लक्षात ठेवावे. दशम्या, चटणी, लाडू असा कोरडा शिधा जवळ असावा. ताजी फळे आणि मांस मात्र नेता येत नाही.

चौथी गोष्ट डासांची. ग्वांगझौ उष्ण आणि दमट आहे. शेजारच्या फोशान शहरात २०२५ च्या उन्हाळ्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. हे डास दिवसा चावतात. बागेत खेळणाऱ्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डास पळवणारे मलम लावावे.

आता त्या आईंचे सांगतो. त्यांना मधुमेह आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली, पण समोरच्या पदार्थांच्या वासाने नाश्ता गेला नाही. अकराच्या सुमारास दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. मुलगा प्रदर्शनात होता, फोन लागेना. पण सूनबाईंना मी आधीच शिकवले होते. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी थोडी हुशारी आली, तेव्हा पुन्हा तेवढीच दिली आणि मग दशमी खायला घातली. मुलगा संध्याकाळी परतला तेव्हा आई नातवाशी पत्ते खेळत होत्या.

यातले दोन नियम पाठ करा. खाणे होणार याची खात्री असल्याशिवाय साखर कमी करणारी गोळी घेऊ नये. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णवाहिका बोलवावी.

चीन म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतातच. १९३८ साली ते कामासाठी गेले, तिथेच त्यांचा संसार झाला. पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा मागे ठेवून ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने ते गेले. आजारातही त्यांनी काम सोडले नव्हते. तो युद्धाचा काळ होता, त्यांचा इलाज नव्हता. आपला आहे. तेव्हा तिकिटे काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि साखरेची पुडी कुठे ठेवली आहे, हे सगळ्यांना माहीत असू द्या.