लढाऊ विमानाचे हृदय : मरुत ते कावेरी

नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात प्रथम मिग-21, पुढे सुखोई-30 आणि आता तेजस ही लढाऊ विमाने तयार झाली. महाराष्ट्राला याचा सार्थ अभिमान आहे. परंतु यांपैकी एकाही विमानाचे इंजिन मूळ आपल्या आराखड्याचे नाही. असे का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इतिहासाची साक्ष प्रथम पाहू. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले 'मरुत' हे विमान 17 जून 1961 रोजी आकाशात झेपावले. त्याचा सांगाडा उत्तम होता. परंतु योजलेले शक्तिशाली इंजिन मिळालेच नाही. ध्वनीहून वेगवान होण्यासाठी जन्मलेले हे विमान ध्वनीचा वेग जेमतेमच गाठू शकले.

हा धडा घेऊन 1989 मध्ये 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प मंजूर झाला. उद्दिष्ट होते 81 किलोन्यूटन रेटा आणि 1,100 किलो वजन. प्रत्यक्षात रेटा सुमारे 70 किलोन्यूटन मिळाला आणि वजन 1,235 किलो भरले. म्हणजे इंजिनाच्या दर किलो वजनामागे साडेसात किलो रेटा अपेक्षित असताना पावणेसहा किलोच्या आसपास मिळाला. तेजसमधील अमेरिकी एफ-404 इंजिन सुमारे 84 किलोन्यूटन रेटा देते. अखेर 2008 मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे करण्यात आले.

उणीव कोठे राहिली? ज्वलनकक्षातून निघणारा वायू जितका तप्त, तितकी शक्ती अधिक. परंतु हा वायू टर्बाइनच्या ज्या पात्यांवर आदळतो, ती पाती वितळण्याच्या उंबरठ्यावर असतात आणि त्याच वेळी मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. साधा धातू असंख्य कणांचा बनलेला असतो. विटांच्या भिंतीप्रमाणे तो सांध्यांत उकलतो. म्हणून प्रगत देशांत संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओततात. अजिंठ्याचे लेणे एकाच खडकात कोरलेले असल्याने त्यात सांधाच नाही, तसेच हे.

यावरून सुधारणेच्या तीन दिशा दिसतात. पहिली, एकस्फटिकी पाती, त्यांच्या आतून शीतल हवेचे मार्ग आणि वरून उष्णतारोधक लेप. दुसरी, हलक्या मिश्रधातूंनी वजन घटविणे. तिसरी, स्वतःची चाचणीकेंद्रे. कारण कावेरीला उंचीवरील चाचण्यांसाठी रशियात न्यावे लागले होते. आणखी एक बाब वऱ्हाडच्या माणसाला सहज उमगेल. अकोल्याच्या मे महिन्यातील हवा तापून विरळ होते आणि अशा हवेत कोणत्याही जेट इंजिनाचा रेटा घटतो. आपल्या देशाचे इंजिन आपल्या उन्हाला पुरून उरणारे हवे.

विमान विकत घेता येते, परवानाही मिळतो. परंतु पात्याच्या धातूचे ज्ञान सहसा कोणी देत नाही. ते प्रयोगशाळेत, भट्टीपाशी, अपयश पचवूनच मिळवावे लागते. पालकांनी आपल्या मुलामुलींना धातुशास्त्राची ही वाट अवश्य दाखवावी. आपल्या वसतिगृहाच्या कंदिलाखाली शिकलेली मुले आज अभियंता झाली आहेत. या अपूर्ण कामात त्यांचाही वाटा असावा, एवढीच अपेक्षा.