तिच्या दासी कोठे आहेत?

अभ्यासासाठी वाचन : नीतिसूत्रे ३१:१०-३१



भाद्रपद सरत आला की बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात घरोघरी धांदल उडते. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करणारे हजारो लहान कारखाने आहेत. तयार कपड्यांचेही कारखाने आहेत, आणि त्यांतील शिलाईयंत्रांवर बहुतांशी स्त्रियाच बसतात. दसऱ्यापूर्वी माल पुरा करण्याची घाई असते. सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील सर्वांत पावसाचे महिने. कपडे वाळत नाहीत, बस वेळेवर मिळत नाही, आणि चूल मात्र दोन्ही वेळा पेटवावीच लागते.

आमचे घर या वसाहतीच्या कडेला आहे. माझी पत्नी एका लहान कारखान्यात हिशेब लिहिते. मी घरी बसून भाषांतर करतो. काही वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, नीतिसूत्रांतील शेवटचे काव्य माझ्या हाती होते. संध्याकाळी ती भिजून आली, पदर खोचून कणीक मळू लागली, आणि मी तिला मोठ्या कौतुकाने मसुदा वाचून दाखवू लागलो. पंधराव्या वचनापाशी तिचे हात थांबले. ती म्हणाली, “अहो, या बाईला दासी होत्या. माझ्या कोठे आहेत?”

मला उत्तर सुचले नाही. गच्चीवरील कुंड्यांत पाणी साचून तिने पेरलेली मेथी कुजली होती. मी दिवसभर घरी असूनही ते पाहिले नव्हते. तिच्या प्रश्नाच्या प्रकाशात आपण हा अध्याय पुन्हा वाचू या.

१. ‘सद्गुणी’ म्हणजे कशी?

आपल्या परिचयाच्या ‘सद्गुणी स्त्री’ या शब्दांमागे इब्री भाषेतील ‘खायिल’ हा शब्द आहे. बळ, कर्तबगारी, संपत्ती, सैन्य असे त्याचे अर्थ होतात. शास्ते ६:१२ मध्ये गिदोनाच्या शौर्यासाठी आणि रूथ ३:११ मध्ये रूथविषयी हाच शब्द आला आहे. तेव्हा येथे केवळ सोशिकपणाची स्तुती नाही. ही स्त्री लोकर व ताग निवडते, सूत कातते, शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते आणि कापड व्यापाऱ्यांना विकते. नोकरी, घर, बाग आणि स्वयंपाक या चारही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

२. हे एका दिवसाचे वेळापत्रक नव्हे

या काव्यात बावीस वचने आहेत आणि प्रत्येक वचन इब्री वर्णमालेतील पुढल्या अक्षराने सुरू होते. आपण ‘अथपासून इतिपर्यंत’ म्हणतो, तशी ही रचना आहे. एका आयुष्याचा गोषवारा तीत मांडला आहे. हे ध्यानात न घेता वाचले, तर पंधराव्या वचनात पहाटेपूर्वी उठणारी आणि अठराव्या वचनात रात्री दिवा न मालवणारी ही स्त्री झोपते तरी केव्हा, असा प्रश्न पडेल. पुष्कळ घरांत हे काव्य असेच वाचले गेले आहे, आणि त्याचे ओझे स्त्रीच्या खांद्यावर पडले आहे.

शिवाय, ती एकटी नाही. पंधराव्या वचनात ती घरच्यांना अन्न देते आणि दासींना त्यांचा वाटा देते. तेथील ‘खोक’ या शब्दाचा अर्थ ‘ठरलेला वाटा’ असा होतो. काही भाषांतरकार तो अन्नाचा वाटा समजतात, तर काही कामाचा. कोणताही अर्थ घेतला तरी त्या घरात काम करणारे हात अनेक होते, हे स्पष्ट आहे. आणि ज्या अध्यायात हे काव्य आले आहे, त्याच्या आरंभी एक आई आपल्या मुलाला शिकवीत आहे. हा पाठ मुलग्यांनी, पतींनीही शिकावयाचा आहे.

३. आपल्या घरातील वाटा

२०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. या आकड्यांत आपल्या मंडळ्यांतील घरेही आली.

आपल्या घरी दासी नाहीत. पण हात आहेत. कामे वाटताना ‘मदत’ हा शब्द टाळावा, कारण मदत करणारा मनात येईल तेव्हा करतो. वाटा मात्र ज्याचा त्याचा असतो. आमच्या घरी रात्री कडधान्य भिजत घालणे आणि सकाळची भाजी चिरणे हा माझा वाटा झाला. कुंड्या मुलाकडे गेल्या. धने रगडून दोन दले करावीत आणि मग पेरावेत, पावसात कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना हे रोज पाहावे, एवढे त्याला शिकवावे लागले. मेथी तीन-चार आठवड्यांत हाती येते, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही.

वाटून घेऊनही सर्व कामे होतीलच असे नाही. कारखान्यात काम वाढेल त्या आठवड्यात वरणभातावर भागवावे आणि दोन कुंड्यांवर समाधान मानावे. कमी करणे हाही समतोलाचाच भाग आहे.

४. तिच्या हाताचे फळ

काव्याचे शेवटचे वचन स्तुतीवर थांबत नाही. तिच्या हाताचे फळ तिला मिळाले पाहिजे, असे ते बजावते. पीण्याने या वचनाचा अर्थ रस्त्यावर पाहिला आहे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम २०१६ मध्ये आला. एप्रिलच्या १८ व १९ तारखांना बंगळूरच्या कापड कारखान्यांतील हजारो स्त्रिया तुमकूर रस्ता व होसूर रस्ता यांवर उतरल्या. मुलांचे शिक्षण, आजार, घर यांसाठी तोच पैसा त्यांचा आधार होता. जाळपोळ व लाठीमार झाला, ही दुःखाची गोष्ट. पण १९ तारखेलाच सरकारने तो नियम मागे घेतला.

तिच्या मिळकतीवर तिचा हक्क मानणे जसे न्यायाचे, तसेच तिच्या विश्रांतीवर तिचा हक्क मानणेही न्यायाचे आहे. अनुवाद ५:१४ मध्ये विसावा दासीलाही आहे, आणि तोही धन्यासारखाच. शरदातील मांडवांच्या सणाच्या वेळी, खळे व द्राक्षकुंड यांचे उत्पन्न गोळा झाल्यावर, आनंद करणाऱ्यांत अनुवाद १६:१४ दासदासींची नावे मुलाबाळांच्या बरोबरीने घेते. घरातील सर्व बसली आहेत आणि एकच बाई ताटे वाढीत उभी आहे, अशा सणाला शास्त्राचा आधार नाही.

या आश्विनात तुमच्या घरी शेवटी ताटावर कोण बसते, हे एकदा पाहा.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या घरात पहाटे प्रथम कोण उठते आणि रात्री दिवा कोण मालवते?
२. स्वयंपाकातील कोणते एक काम तुमच्या मुलाचा ‘वाटा’ होऊ शकेल?
३. घरातील कमावत्या स्त्रीच्या पगाराविषयी निर्णय कोण घेते?