*टीएयू-१ उडीद खायला चालतो का? किरणांची खरी गोष्ट*



उडदाच्या बियाण्याची चौकशी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो: "टीएयू-१ अणुवालं बियाणं आहे म्हणे, खायला चालतं का?" चालतं. १९८५ पासून महाराष्ट्र हा उडीद खातोय.

नावातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. भाभा अणु संशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ, दोघांचं हे वाण.

होतं काय, तर बियाण्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मोजून सोडतात. एक्स-रे काढल्यावर आपल्या अंगात किरण राहत नाहीत, तसे दाण्यातही राहत नाहीत. मात्र दाण्याच्या जनुकांत कुठेतरी फरक पडतो. बहुतेक फरक वाईटच: रोप खुरटतं, वांझ निघतं. दुसऱ्या पिढीत हजारो झाडं एक-एक बघून त्यातलं एखादं कामाचं हाती लागतं. असंच किरणांतून मिळालेलं गडद हिरव्या पानांचं झाड, यूएम-१९६. त्याचा जुन्या टी-९ शी संकर केला, पुढे निवड करत करत टपोऱ्या दाण्याचा टीएयू-१ तयार झाला. टीएजी-२४ भुईमूगही ट्रॉम्बेचाच.

हे जीएम नाही. बाहेरचा जनुक यात घातलेला नाही. उडीद स्वपरागी, म्हणून चांगल्या प्लॉटमधलं, भेसळ काढलेलं घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येतं. (तुरीचं तसं नाही. मधमाश्यांमुळे शेजारच्या वाणाशी संकर होतो.)

आता महत्त्वाचं. "भाभाचं स्पेशल रेडिएशन बियाणं" म्हणून कोणी सुट्या पिशवीत जादा भावाने देत असेल तर घेऊ नका. किरण मारलेलं कच्चं बियाणं शेतकऱ्याला विकायचं नसतंच. पिशवीवर टॅग बघा: प्रमाणित निळा, पायाभूत पांढरा. पक्की पावती घ्या आणि टॅग व थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. आणि किरणांचं वाण म्हणून पिवळा मोझॅक येणारच नाही, असंही धरून चालू नका. पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावंच लागेल.

घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७ दिवसांत ७५ पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं डाळीला वापरा, पेरू नका.

टॅगबद्दल शंका असेल तर फोटो काढून याच नंबरवर पाठवा. पिशवी फोडण्याआधी.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पूर्णा