जमिनीचा पैसा आणि घरची स्त्री : बँका व पतसंस्थांची जबाबदारी

पनवेल भागातील भातशेतीत रोपे काढणे, लावणी, बेणणी, कापणी ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. परंतु सात-बारा उताऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकावर नाव बहुधा पुरुषाचे असते. शेती चालू असेपर्यंत ही उणीव फारशी जाणवत नाही. जमीन विकली किंवा संपादित झाली, की ती उघडी पडते.

पनवेल परिसराला याचा अनुभव आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. १९८४ मध्ये जासई येथील आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मोबदला आणि भूखंड हक्कनोंदीवरील नावाप्रमाणे मिळतो. ज्या पत्नीचे किंवा बहिणीचे नाव नोंदीत नाही, तिला आपल्या घरात किती रक्कम आली हेही कळत नाही. कणगीतले भात सर्वांना दिसते. खात्यातला पैसा दिसत नाही.

आर्थिक छळ म्हणजे काय?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणीप्रमाणेच आर्थिक छळही या कायद्यात हिंसाचार मानला आहे. घरखर्चाचे पैसे अडवणे, स्त्रीधन परस्पर विकणे किंवा गहाण टाकणे, तिच्या हक्काच्या मिळकतीपासून तिला दूर ठेवणे हे त्यात येते. आपल्याकडे तो पुढील प्रकारांनी आढळतो :

(अ) खाते स्त्रीच्या नावे, परंतु एटीएम कार्ड, पिन व मोबाईल दुसऱ्याच्या हाती.
(आ) बचत गटाचे किंवा सूक्ष्म वित्त संस्थेचे कर्ज तिच्या नावे, पैसा दुसऱ्याने वापरला, हप्ता मात्र तिच्या मजुरीतून.
(इ) तिचे दागिने तिला न विचारता सोनेतारणात.
(ई) न वाचता जामीनदार म्हणून सही. जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते, हे तिला वसुलीची नोटीस आल्यावर समजते.
(उ) मोबदल्याच्या वेळी बहिणींकडून घाईने हक्कसोडपत्र.

वित्तीय संस्थांनी काय करावे?

१. खाते उघडताना, कर्ज देताना किंवा जामीन घेताना स्त्रीशी पाच मिनिटे एकटीशी बोलावे. रक्कम, व्याज, हप्ता व जबाबदारी मराठीत समजावून मगच सही घ्यावी.

२. खात्याला तिचाच मोबाईल क्रमांक जोडावा. कार्ड व पिन तिच्याच हाती द्यावेत.

३. मोबदल्याची मोठी रक्कम संयुक्त खात्यात जमा होत असल्यास ‘दोघांपैकी कोणीही एक’ आणि ‘दोघांच्या सहीने’ या पद्धतींतील फरक दोघांनाही सांगावा. एका खातेदाराने लेखी हरकत घेतल्यास तिची पोच देऊन तत्काळ दखल घ्यावी.

४. सोनेतारणात दागिने कोणाचे याची खात्री करावी. स्त्रीधनावर स्त्रीचीच पूर्ण मालकी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आहे.

५. वरील कायद्याच्या कलम १८ नुसार दंडाधिकारी पतीला खाते किंवा लॉकर वापरण्यास मनाई करू शकतात. असा आदेश आल्यास काय करायचे, हे प्रत्येक शाखेतील कर्मचाऱ्यांना शिकवलेले असावे.

ब्रिटनमधील बँकांनी २०१८ मध्ये या विषयावर आचारसंहिता स्वीकारली. छळाची खूण ओळखणे आणि पीडितेला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी न लागणे, यावर तिचा भर आहे.

म्हसवडचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या शिकल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याच्या तयारीने पुन्हा गेल्या. मजुरी बुडवून बँकेत येणे स्त्रियांना परवडत नाही, हे ओळखून या बँकेने दारात जाऊन बचत गोळा केली. पिन कोणीही काढून घेईल, त्यापेक्षा अंगठ्याचा ठसा बरा, हे सभासद स्त्रियांनीच सुचवले. ग्राहकाचे ऐकले तर उपाय सापडतो, हा त्यातील धडा आहे.

कुटुंबाने काय करावे?

पत्नीचे नाव सात-बारावर सहहिस्सेदार म्हणून लावून घ्यावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या वेळी हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. म्हणून हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणींनी वकिलाचा सल्ला घ्यावा. वारसनोंद (नॉमिनी) म्हणजे मालकी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अडचण आल्यास भगिनींनी प्रथम शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. बँकेने तीस दिवसांत निवारण न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. घरातील छळासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावे किंवा १८१ या महिला हेल्पलाईनवर संपर्क साधावा.

जमीन एकदाच जाते आणि तिचा पैसाही एकदाच येतो. तो खात्यात जमा होण्यापूर्वीच घरातील स्त्रीचे नाव त्यावर आहे ना, हे पाहावे.