कुंभकोणम् : पायी पाहावयाचे नगर

एखादे जुने नगर वाहनातून पाहिले, तर त्याची गोपुरे तेवढी स्मरणात राहतात. त्या नगरातील लोक काय खातात आणि त्या पदार्थांना कोणत्या नावांनी संबोधतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर पायीच फिरले पाहिजे. तमिळनाडूतील कुंभकोणम् हे अशा पायी अभ्यासासाठी फार सोयीचे नगर आहे. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार या दोन प्रवाहांमध्ये त्याची मुख्य वस्ती सामावलेली असून बहुतेक महत्त्वाची स्थळे परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने तर या फेरीला आणखी एक प्रयोजन आहे.

फेरीचा आरंभ कावेरीकाठच्या मेलकावेरी या भागातून करावा. तमिळमध्ये ‘मेल’ म्हणजे वरचा किंवा पश्चिमेकडील. सकाळी या बाजूने गावात येताना प्रथम कॉफीचा वास येतो. पितळी पेला आणि खोलगट दवरा यांतून दिली जाणारी ‘डिग्री कॉफी’ हे कुंभकोणम्‌चे वैशिष्ट्य मानले जाते. दुधाची घनता मोजून ते निर्भेळ ठरले की त्याला ‘डिग्री’चे दूध म्हणत व त्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. कॉफीबरोबर इडली किंवा डोसा मागवावा. आणि मुगाची डाळ, बटाटा व नारळ यांचे ‘कडप्पा’ नावाचे पातळ कालवण मिळाल्यास ते अवश्य चाखावे.

नदीजवळच्या चक्रपाणी मंदिरावरून पुढे गेले की सारंगपाणी मंदिराचे अकरा मजली गोपुर दिसू लागते. त्याच्या समोरील रस्त्यावर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे राहते घर जतन केलेले आहे. याच नगरात ‘डबीर’ या नावाचा रस्ता आढळतो, आणि तेथे मराठी प्रवाशाची पावले थबकल्याशिवाय राहत नाहीत. डबीर हे मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेतील एक पद होय. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथपासून १८५५ साली ते राज्य खालसा होईपर्यंत सुमारे १८० वर्षे तंजावरची गादी या घराण्याकडे होती. राज्यकारभारासाठी आलेली कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव (१८२८–१८९१) हे अशाच एका कुटुंबात कुंभकोणम् येथे जन्मले.

राज्य गेले; मात्र त्याची एक खूण दुपारच्या केळीच्या पानावर अजून वाढली जाते. तमिळ घरांतून ‘कोसुमल्ली’ केली जाते. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे आणि मोहरीची फोडणी असलेला हा पदार्थ म्हणजे आपल्या कोशिंबिरीचाच सखा. ‘रसवांगी’ या नावाचा अर्थ मराठी माणसास सांगावा लागत नाही. ‘पोळी’ म्हटले की तमिळ माणसाच्या डोळ्यांसमोर पुरण भरलेली गोड पोळीच येते; साध्या पोळीशी या शब्दाचा संबंध तेथे उरलेला नाही. ‘पिट्लै’चे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. या नावाचे नाते पिठल्याशी जोडले जाते. परंतु त्यात बेसन नसते. तुरीची डाळ, चिंच, भाजलेला मसाला आणि कारले अथवा वांगे यांपासून ते तयार होते. नाव टिकले, पीठ मात्र गेले. ‘डांगर पच्चडी’त तर दोन भाषा एका वाटीत नांदतात : उडदाच्या पिठाचे डांगर मराठी, आणि पच्चडी दक्षिणेकडील.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात लागला, आमसूल न मिळाल्याने आमटीत चिंच घातली गेली आणि संभाजी महाराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, अशी एक आख्यायिका सर्वत्र ऐकावयास मिळते. ती रंजक आहे. तथापि तिला समकालीन आधार नाही. संस्कृतातील ‘संभार’ म्हणजे सामग्री या शब्दाशी सांबाराचे नाते जोडणारे मतही आहे. त्याचप्रमाणे कुंभकोणम्‌च्या रस्त्यांवर कानी पडणारा प्रत्येक ओळखीचा शब्द मराठी असतो असेही नाही. येथील सौराष्ट्री विणकरांची स्वतंत्र भाषा आहे, आणि तीत मराठीशी साम्य असलेले शब्द पुष्कळ आहेत.

‘हे आमचे’ असे म्हणण्याची घाई करणाऱ्यास या व्यवहाराची दुसरी बाजू दिसत नाही. आमसूल कोकणातले, चिंच या भूमीतली. ज्वारी-बाजरीच्या जागी कावेरीचा तांदूळ आला. मराठी कुटुंबांनी शब्द दिले आणि त्यांच्या मोबदल्यात चव घेतली. त्यांची बोलीही तमिळच्या सहवासात निराळी झाली. ही बोली शाळेत शिकविली जात नाही. ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. घरातील वडीलधारी माणसे आणि स्वयंपाकघर एवढाच तिचा आश्रय आहे. मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात, नोकरीनिमित्त दूर जातात, आणि वाक्ये हळूहळू मागे पडतात. ती मागे पडल्यावरही पदार्थांची नावे राहतात; परंतु ती कोठून आली हे सांगणारे कोणी राहीलच असे नाही.

म्हणून या नगरात फिरणाऱ्याने, शेवटी महामहम् तलावाच्या पायऱ्यांवर विसावताना, दिवसभरात खाल्लेल्या पदार्थांची नावे एका कागदावर लिहून काढावीत. प्रत्येक नावापुढे ते कोणाकडून ऐकले, त्या पदार्थात काय घातले होते आणि तो कोणत्या प्रसंगी करतात, याची नोंद करावी. एखाद्या वृद्ध गृहिणीने आपण होऊन मराठीत उत्तर दिले, तर तिचे उच्चार सुधारण्याचा आगाऊपणा न करता ते जसे ऐकले तसेच टिपून घ्यावेत. दर बारा वर्षांनी येणारा महामहम् उत्सव २०१६ साली झाला. पुढील २०२८ साली येईल. त्या उत्सवास लक्षावधी लोक जमतात. अशा नोंदीला मात्र एक सवड काढलेला दिवस, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते; आणि तिला फार उशीर करून चालणार नाही.