आकार बदलणारी कैची : एक अभ्यास

समाजमंदिराच्या पत्र्याखाली लोखंडी दांड्यांची कैची आपण सर्वांनी पाहिली आहे. ती हलत नाही, म्हणून तिच्या भरवशावर आपण निर्धास्त बसतो. परंतु गरज पडताच आपला आकार स्वतः बदलणारी कैचीही अभियंत्यांनी तयार केली आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. तरीही या विषयातील जे आम्हास उमगले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक प्रयोग करावा. आगकाड्यांची टोके सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून एक चौकोन व एक त्रिकोण करावा. चौकोन बोटाने दाबताच कलंडतो, त्रिकोण मात्र तसाच राहतो. काडीची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. कैचीच्या भक्कमपणाचे रहस्य हेच, आणि तिचा आकार बदलण्याची किल्लीही हीच.

आता बारा काड्या व सहा सांधे घेऊन आठ त्रिकोणांची आकृती करावी. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ साली मांडलेल्या नियमानुसार सांध्यांच्या संख्येस तीनने गुणून सहा वजा करावे, म्हणजे आवश्यक दांड्यांची संख्या मिळते. येथे ती बरोबर बारा येते. यातील एक काडी काढून थोडी आखूड बसविली, तर आकृती नव्या आकारात झुकते. इतर काड्यांवर ताण येत नाही. दांडे याहून अधिक असतील तर मात्र ते एकमेकांस अडवितात.

काडी बदलण्याऐवजी लांबी कमी-जास्त होणारा दांडाच बसविला, तर त्यास ॲक्च्युएटर म्हणतात. जेसीबीचा हात उचलणारा तेलाच्या दाबाचा दांडा हे आपल्या पाहण्यातील उदाहरण. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जी बनावट विमान-केबिन असते, ती अशाच सहा दांड्यांवर उभी राहून सर्व दिशांना हलते.

जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाने २०२१ साली याच तत्त्वावर बारा मजली, ३६.५ मीटर उंच प्रायोगिक मनोरा पूर्ण केला. त्याच्या खांबांत व तिरक्या दांड्यांत मिळून २४ ॲक्च्युएटर आहेत. वाऱ्याने मनोरा हलू लागताच सेन्सर ते टिपतात, संगणक हिशेब करतो आणि ॲक्च्युएटर उलट दिशेने जोर लावतात.

हा खटाटोप कशासाठी? क्वचित येणाऱ्या वादळासाठी प्रत्येक इमारतीत जादा पोलाद व सिमेंट घालावे लागते. एखाद्या गर्दीच्या दिवसासाठी तिजोरीत वर्षभर रोकड पडून राहावी, तसाच हा प्रकार. ते साहित्य वाचले तर खर्च वाचेल, आणि सिमेंट-पोलाद बनविताना हवेत जाणारा कार्बन वायूही कमी होईल. अर्थात ॲक्च्युएटरला लागणारी वीज या हिशेबात धरलीच पाहिजे. आणि ऐन वादळात वीज गेली तरी आतील माणसांच्या जिवास धोका पोहोचता कामा नये, ही अट पहिली.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान आपल्यासाठी नाही असे समजून आम्ही तरुणपणी त्यापासून दूर राहिलो. ती चूक आपण करू नये. बारा काड्या घेऊन आजच बसावे.